गॅसचा वास आला तर चालू लाइट बंदही करायचा नाही?

निशिगंधा_ठाणे:
परवा आमच्या सोसायटीत फायर ब्रिगेडवाले डेमो द्यायला आले होते, अग्निशमन सप्ताह चालू आहे ना १४ ते २० एप्रिल (१९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गेले त्यांच्या आठवणीत असतो हा, मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं). तर ते म्हणाले गॅसचा वास आला की कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही. नवरा म्हणतो आधी मेन स्विच पाडायचा. आणि एक्झॉस्ट लावायचा नाही तर वास जाणार कसा? नक्की काय करायचं कोणी सांगेल का

बंबवाल्याचा_मुलगा:
त्यांचं बरोबर आहे. बटण चालू करा नाहीतर बंद करा, आत बारीक ठिणगी पडतेच. मेन स्विच घराबाहेर किंवा खाली मीटर रूममध्ये असेल तर पाडा, दाराच्या आत असेल तर हात लावू नका. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली फरशीवर पसरतो, तुमचा एक्झॉस्ट वर भिंतीत, त्याला काय सापडणार, वर त्याच्या मोटारीची ठिणगी वेगळी. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि फोन बाहेर जाऊन करायचा, सिलेंडरच्या गॅस गळतीला १९०६, आग असेल तर १०१. आणि शेजाऱ्यांना सांगा बेल वाजवू नका, दार ठोका. बाबा हे दर वेळी सांगायचे, लोक नेमकी बेलच वाजवतात.

पाइपलाइनवाले असाल तर तो गॅस हलका, वर छताखाली साठतो. बाकी नियम तेच.

कोथरूडची_काकू:
आमच्याकडे दिवाळीत चकलीच्या तेलाने पेट घेतला होता, जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, मी ओरडलेच. उकळत्या तेलात पाणी पडलं की भडका थेट छतापर्यंत. मी गॅस बंद केला आणि कणकेची परात बाजूने सरकवत कढईवर पालथी घातली. आणि लगेच उघडून बघायचं नाही हं, तेल गार होईपर्यंत तशीच ठेवायची, नाहीतर परत पेटतं.

सेक्रेटरी_बिचारा:
डेमो बघायला ४० जण येतात, मीटिंगला ६. फायर सिस्टिम तपासून दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो, त्याचा खर्च काढला की सगळे गप्प. रेफ्यूज एरियात (आग लागल्यावर थांबायला राखून ठेवलेली मोकळी जागा) कोणाच्या तरी सायकली आणि जुना सोफा, जिन्यात चपलांचं कपाट, परवा एकाने स्कूटरची बॅटरी पॅसेजमध्ये चार्जिंगला लावली होती रात्रभर. धुरात काळोखात तिथूनच पळायचंय लोकांनो, लिफ्ट वापरायची नसते

निशिगंधा_ठाणे:
थँक्यू सगळ्यांना. आत्ता शेगडी सरकवून ट्यूब बघितली, त्यावर छापलेलं वर्ष २०१७, म्हणजे ५ वर्षांनी बदलायची ती कधीच होऊन गेली. नॉझलपाशी वाकवली तर बारीक भेगा दिसतात. साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही आला, तरी रेग्युलेटर बंद करून ठेवलाय. आज रात्री बाहेरून मागवतोय, नवऱ्याला सांगितलंय उद्या आधी एजन्सीत जा, मग मेन स्विचवर बोलू.