शब्दचर्चा : एकाकी जोडी

प्रश्न : अमोनियाच्या ल्यूईस ठिपका संरचनेत (अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आकृतीत) नायट्रोजनवर ‘एकाकी जोडी’ दाखवतात. जोडी आहे तर एकाकी कशी? ‘अयुग्मित इलेक्ट्रॉन’ म्हणतात तो हाच का?

उत्तर : नाही, दोन्ही अगदी वेगळे. एकाकी जोडीत इलेक्ट्रॉन दोनच असतात, पण ती जोडी दोन अणूंत वाटली जात नाही, एकाच अणूकडे राहते. अमोनिया मांडून पाहा. नायट्रोजनचे संयुजा इलेक्ट्रॉन (सर्वांत बाहेरच्या कवचातले) 5, तीन हायड्रोजनचे 3, एकूण 8. तीन एकेरी बंधांत 6 गेले, उरलेले 2 नायट्रोजनवर. हीच ती. अयुग्मित इलेक्ट्रॉनला मात्र जोडीदारच नसतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नायट्रोजनचे 5 आणि ऑक्सिजनचे 6 मिळून 11 होतात. विषम संख्या, त्यामुळे कसेही मांडा, एक ठिपका सुटा राहणारच. नेहमीच्या मांडणीत तो नायट्रोजनवर येतो. ऑक्सिजनचं अष्टक, म्हणजे भोवतीचे 8 इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं, नायट्रोजनभोवती 7च राहतात.

दुसरं मत : मला ‘एकाकी’ हा शब्दच नको वाटतो. मुलं तो ऐकतात आणि एकच ठिपका काढतात! ‘अबंधी जोडी’ म्हणा. बंधात नाही, एवढंच तर सांगायचंय, आणि वाटून घेतलेलीला ‘बंधी जोडी’ म्हणता येतं.

प्रश्न : पाण्यात ऑक्सिजनवर अशा दोन जोड्या आहेत. मग दोन्ही हायड्रोजन सरळ रेषेत काढले तर चूक का?

उत्तर : ठिपका संरचना म्हणून चूक नाही. ‘संरचना’ म्हटलं की आकार डोळ्यांपुढे येतो, पण 1916 मध्ये गिल्बर्ट ल्यूईस यांनी मांडलेली ही पद्धत मुळात इलेक्ट्रॉनांच्या वाटपाचा हिशेब आहे. आकार त्यावरून पुढे ओळखायचा. पाण्याच्या रेणूतला कोन सुमारे 104.5 अंश असतो, कारण त्या दोन अबंधी जोड्या बंधांना रेटतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनवर अशी जोडीच नाही, दोन्हीकडे दुहेरी बंध, म्हणून तो रेणू सरळ. बंध काढले की काम झालं असं समजून जोड्या गाळणं मला म्हणूनच खटकतं.

पुरवणी : अमोनियम आयनात नायट्रोजनची तीच जोडी हायड्रोजन आयनाबरोबर बंध करते. संयुजा इलेक्ट्रॉन 9, धन प्रभारासाठी 1 वजा, राहिले 8. चारही बंध सारखे, अबंधी जोडी एकही नाही. संपूर्ण आकृतीला चौकटी कंस घालून बाहेर वर उजवीकडे धन चिन्ह द्यायचं.