पाटीचं खरं आहे, पण...

स्त्रीवादी परराष्ट्र धोरण, म्हणजे इतर देशांशी वागताना बायकांचे हक्क आणि सहभाग पुढे ठेवणं, ही नुसती पाटी, निवडणुकीतल्या हाणामारीशी तिचा काय संबंध, असं तुम्ही विचारलंत. पाटीचं अर्धं मान्य. स्वीडननं ती २०१४ मध्ये मार्गोट वॉलस्ट्रोम परराष्ट्रमंत्री असताना लावली, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि उतरवली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, सौदी अरेबियाबरोबरचा लष्करी सहकार्य करार मात्र त्यांनी पुढे चालवला नाही. घरच्या उद्योगपतींची नाराजी ओढवून घेतली ती वेगळीच.

निवडणुकीशी संबंध बघायचा तर पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाकडे बघा. २०११ च्या निवडणुकीत तिथल्या बायकांनी ‘सिच्युएशन रूम’ उभी केली. मतदान केंद्रांवरच्या निरीक्षक फोन करणार: इथे धमकावताहेत, तिथे अफवा उठलीय. खोलीतल्या बायका ते टिपून घेणार, आणि समाजात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही अशा ज्येष्ठ स्त्रिया थेट पोलिसांना, आयोगाला, पक्षनेत्याला गाठणार. अहवाल नंतर, आधी भांडण थांबवा! (बिनखात्याच्या गृहमंत्रीच म्हणा ना.)

सगळं गोड झालं नाही. मतदानाच्या दुसऱ्या फेरीच्या आदल्या दिवशी राजधानी मोनरोव्हियात गोळीबार झालाच. तरी २०१२ मध्ये सेनेगलनं आणि २०१३ मध्ये केनियानं हीच पद्धत उचलली.

अशा कामाला निधी लागतो आणि तो बऱ्याचदा बाहेरून येतो. परराष्ट्र खात्याचा संबंध येतो तो इथे. मतपेट्या आणि गाड्यांना पैसे निघतात, या फोनवाल्या खोलीला का निघू नयेत?