३+३ मध्ये जागा राखीव नसते

मुलीसाठी अमेरिकेतली ३+३ योजना (तीन वर्षं कॉलेज, मग तीन वर्षं लॉ स्कूल) बघत असाल, तर ‘३+३ म्हणजे लॉ स्कूलची जागा पक्की’ असं सांगणारे भेटतील. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. तिसऱ्या वर्षी रीतसर अर्ज करावा लागतो, सहसा एलसॅट ही लॉ स्कूलची प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे तयारी दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीतच. लॉ स्कूलना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार पदवीचं तीन-चतुर्थांश काम झालं असेल तर लॉ स्कूल प्रवेश देऊ शकतं. पदवी १२० क्रेडिटची असेल तर ९०. उरलेले ३० लॉच्या पहिल्या वर्षातून भरले जातात.

घोळ इथेच होतो. नुसते ९० क्रेडिट पुरत नाहीत. लॉचे क्रेडिट साधारणपणे ऐच्छिक विषयांच्या खात्यात जातात, त्यामुळे मेजर (पदवीचा मुख्य विषय) आणि सक्तीचे विषय सहा सत्रांत संपवावेच लागतात. प्रयोगशाळेचे विषय, डबल मेजर, परदेशातलं सत्र हे सगळं मग अवघड. मुलीच्या मेजरचा सहा सत्रांचा तक्ता कॉलेजकडे मागा; देता आला नाही तर योजना माहितीपत्रकापुरतीच समजा. चौथ्या वर्षी फी लॉ स्कूलची, तेव्हा कॉलेजची शिष्यवृत्ती चालू राहते का, तेही लेखी घ्या. आणि लॉ स्कूलने नाकारलं तर चौथं वर्ष त्याच कॉलेजात काढायचंय, हे धरूनच निवडा.