मदत हवी आहे: मिररची एक डिस्क गेली, दुसरीही कुरकुरायलीय. आधी रीबिल्ड की आधी कॉपी?

राम राम मंडळी. अंबाजोगाईत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. एडिटिंगच्या मशीनला ४ टीबीच्या दोन डिस्क विंडोजच्याच मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये लावल्यात (दोन्हीवर कायम तोच माल). परवा दुपारी लाईट गेली, आली, लगेच परत गेली. मशीन चालू केली तर एक डिस्क गायब. टक्... टक्... टक्, मग चिडीचूप. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी येणारी मशीनची सेटिंग) दिसंना.

म्हटलं, यासाठीच तर दोन घेतल्या होत्या. लातूरहून नवी मागवली. ती लावायच्या आधी सहज क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं, तर उरलेलीसुद्धा पिवळी! करंट पेंडिंग सेक्टरपुढे (वाचता न आलेल्या, संशयित जागा) १८, तापमान ५२. दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, वय सारखं, काम सारखं. आता एक गेल्यावर दुसरीचा काय भरवसा?

आत ३ टीबीच्या वर माल आहे. त्यात सात लग्नांचे अल्बम अजून द्यायचे राहिलेत. बॅकअप नाही, शिव्या घाला. मागच्या वर्षी भाच्याने चुकून एक फोल्डर उडवला, तो मिररमधूनही त्याच क्षणी गेला, तरी माझे डोळे उघडले नाहीत.

नवी डिस्क लावून सरळ रीबिल्ड करू का, म्हणजे उरलेलीवरून तिच्यात सगळं भरून मिरर परत उभा करू का? आणि शेजारचा मोबाईलवाला म्हणतो, मेलेली डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. खरं का?

प्रतिसाद:
दादा, फ्रीजर नको. बाहेर काढली की आत दव धरतं, उरलीसुरली आशा जाते. मेलेली डिस्क पिशवीत घालून बाजूला ठेवा.

रीबिल्डही आत्ता नको. त्यात आजारी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते; सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास. तेवढ्यात ती बसली तर हाती काय? आधी ती सात लग्नं बाहेरच्या डिस्कवर घ्या, बाकीचं मागून. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून माल उतरवणारं सॉफ्टवेअर) चालवून अख्खी डिस्क नवीवर उतरवा. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागांशी झटापट शेवटी करतं. कुठवर उतरलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल मात्र तिसऱ्याच ड्राइव्हवर ठेवा, म्हणजे लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं चालतं. क्लोन झाल्यावर जुनी आणि नवी एकाच वेळी जोडू नका.

ते १८ हेक्समध्ये (सोळाच्या आकडेपद्धतीत) आहे बरं, म्हणजे आपले २४. आणि कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावा, ५२ फार झालं.

प्रश्नकर्ता:
दादा, झालं. सातही लग्नं निघाली. क्लोनच्या वेळी लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरनेही एकदा दगा दिला, पण मॅप फाइलमुळे परत सुरू झालं. परळीच्या एका हळदीचे दोन फोटो अर्धे करडे उघडायलेत. ते कॅमेऱ्याच्या कार्डावर अजून आहेत, फॉरमॅट करायचा आळस केला होता.

आता एक बाहेरची डिस्क स्टुडिओत आणि एक घरी, दर रविवारी अदलाबदल, असं ठरवलंय. आणखी दोन डिस्क घालून रेड ५ (माल अनेक डिस्कवर वाटून, एक गेली तरी चालणारी मांडणी) करायचा बेत होता, तो पैसा यूपीएसला वळवतो. मशीन आणि एक मॉनिटर धरून किती व्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा घेऊ?