अमेरिकी लिबर्टेरियन युद्ध आणि चलन यांची सांगड का घालतात?

प्रश्न
अमेरिकेतील लिबर्टेरियन, म्हणजे सरकारची सत्ता कमीत कमी असावी असे मानणारी मंडळी, युद्धाला विरोध करता करता हमखास फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर येतात. त्यांच्यातले खासदार रॉन पॉल यांनी २००२ मध्ये इराकवरील लष्करी कारवाईच्या ठरावाविरुद्ध मत दिले आणि ही बँकच बंद करावी, अशी मागणीही वर्षानुवर्षे केली. या दोन भूमिकांमध्ये तर्काचा धागा आहे, की सरकारविषयीचा तिटकारा एवढेच त्यांच्यातले साम्य?

पहिले उत्तर
धागा आहे, आणि तो खर्चाच्या दृश्यतेचा आहे. युद्धासाठी कर वाढवला, तर त्याची झळ नागरिकाला लगेच बसते आणि तो प्रश्न विचारू लागतो. रोखे विकून कर्ज काढले आणि त्यातील काही रोखे मध्यवर्ती बँकेने नवा पैसा निर्माण करून घेतले, तर तोच भार पुढे महागाईच्या वाटेने येतो आणि तोवर त्याचा युद्धाशी असलेला संबंध कोणाच्या लक्षात राहत नाही. इराकवर मार्च २००३ मध्ये चढाई झाली आणि मे महिन्यात करकपातीचा कायदा झाला, हे उदाहरण त्यांना म्हणूनच बोलके वाटते.
दुसरा आक्षेप असा, की युद्धकाळात वाढलेली सत्ता पूर्वपदावर येत नाही. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९१३ मध्ये ७ टक्के होता, तो १९१८ मध्ये ७७ टक्क्यांवर गेला. पुढे बराच उतरला, परंतु ७ टक्क्यांवर पुन्हा कधीच आला नाही.

दुसरे उत्तर
हा युक्तिवाद आकर्षक असला तरी इतिहास त्याला पुरती साथ देत नाही. डॉलर सोन्याशी बांधलेला असला की हवा तेवढा नवा पैसा काढता येत नाही; हे नाते अध्यक्ष निक्सन यांनी १९७१ मध्ये तोडले. त्याआधीच, काँग्रेसने म्हणजे अमेरिकी संसदेने युद्धाची औपचारिक घोषणा केलेली नसताना, कोरियाचे युद्ध लढले गेले होते आणि व्हिएतनामचे कित्येक वर्षे सुरू होते. कोरियाच्या युद्धाचा खर्च तर तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी मुख्यतः कर वाढवून भागवला. कर दिसत होता, तरीही युद्ध तीन वर्षे चालले. शिवाय आजच्या अमेरिकी कर्जाचा सगळा दोष लष्करावर टाकता येत नाही, कारण निवृत्तिवेतन आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यावरील खर्च संरक्षणखर्चाहून बराच मोठा आहे.

पहिले उत्तर देणाऱ्याचा प्रतिसाद
कोरियाचा मुद्दा मान्य; सोन्याचे बंधन असले की युद्ध टळते, असा दावा मीही करणार नाही. व्हिएतनामबाबत मात्र अध्यक्ष जॉन्सन यांनी प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार लावण्यास १९६८ उजाडू दिले, ही दिरंगाई सहेतुक नव्हती असे मानणे मला जड जाते. एक गंमत अशी, की वेतनातून परस्पर कर कापून घेण्याची १९४३ मधील युद्धकालीन व्यवस्था आखण्यात लिबर्टेरियन विचारांचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा हात होता, आणि सक्तीची सैन्यभरती बंद व्हावी म्हणून पुढे झटणाऱ्यांतही तेच होते.