प्रतिसाद: बोलणं म्हणजे विश्वास ठेवणं नव्हे

वर एकांनी लिहिलंय, फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयींनी पाकिस्तानात लाहोरला बस नेली आणि तीन महिन्यांच्या आत कारगिलचं युद्ध पदरात पडलं, म्हणून शत्रूशी बोलूच नये. कारगिलचा राग मलाही आहे. तरी पटत नाही.

आमची धुऱ्यावरून शेजाऱ्याशी नऊ वर्षांपासून कोर्टात केस सुरू आहे. मागच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी दोन्ही वावरांत घुसलं. बाबा गुडघाभर चिखलात उभे राहून त्याला म्हणाले, "तुह्या बाजूनं चर खोल कर, मी माह्या बाजूनं करतो." केस कायम आहे, पण पऱ्हाटी वाचली.

भारत-पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही हा क्रम मोडला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्हीकडचे लष्करी अधिकारी हॉटलाइनवर बोलले, नियंत्रण रेषेवरच्या तोफा शांत झाल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांना तारेजवळची वावरं पेरता आली. पेरणीची वेळ हुकणं काय असतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

गळाभेटी, फोटो मला नकोत. फोन मात्र सुरू राहावा. कैद झालेल्या मच्छीमारांच्या याद्याही अशाच देवाणघेवाणीतून येतात, आणि त्यात पालघरची माणसंही असतात.