मदत हवी आहे: घरच्या शेडमध्ये वेल्डिंग करताना घरच्यांचे डोळे कसे जपायचे?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, नोकरी बँकेत. गेल्या दिवाळीपासून घरामागच्या ८ बाय १० फुटांच्या पत्र्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशनचं काम शिकतोय. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ४ इंची ग्राइंडर, ड्रिल आणि उद्यमनगरातून आणलेला जुना व्हाइस, एवढंच सामान. कुंड्यांचे दोन स्टँड झाले, एक गेट अर्धवट आहे. हे काम मला मनापासून आवडतं, सोडायचं नाही. पण गेल्या रविवारपासून मशीनला हात लावलेला नाही.

त्या दुपारी गेटच्या फ्रेमला टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारत होतो. लेक ११ वर्षांची, शेडच्या दारात उभी होती. 'उजेडाकडे बघू नको' असं सांगितलं होतं, तिनेही डोळ्यांवर हात धरला होता. पण बोटांच्या फटीतून ती बघत राहिली आणि काळ्या काचेमागे मला ते कळलंच नाही. संध्याकाळी खेळली, नीट जेवली. रात्री दीडच्या सुमाराला रडत उठली. 'बाबा, डोळ्यांत वाळू गेलीय.' दिवा लावला तर किंचाळली. पापण्या घट्ट मिटलेल्या, कडेने सारखं पाणी, उशीचा अभ्रा ओला. आई म्हणाली गुलाबपाणी घाल. मला धीर झाला नाही. स्वच्छ पाण्यात पिळलेला रुमाल तिच्या डोळ्यांवर ठेवून उजाडेपर्यंत बसून राहिलो आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी सांगितलं की आर्कमधल्या, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर उजेडातल्या, अतिनील किरणांनी बुबुळावरचं पारदर्शक पटल भाजतं, उन्हाने कातडी भाजते तसं. दुखणं ६ ते १२ तासांनी सुरू होतं, म्हणून दुपारी काहीच कळत नाही. मलम दिलं, अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. दोन दिवसांत ती बरी झाली. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली, ती इथल्या सगळ्यांसाठी लिहितो: डोळा बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून घरी घालत बसायचं नाही. दुखणं थांबतं, पण पटल भरून यायचं लांबतं आणि इजा वाढत जाते.

मी हेल्मेट घेतलं, ११ नंबरची काच घेतली, चामड्याचे हातमोजे घेतले. सगळं माझ्यासाठी. दारात कोण उभं असेल याचा विचार एकदाही केला नव्हता, हे मनातून जात नाही.

याआधीही दोन गोष्टी घडल्यात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप दार बंद करून वेल्ड केला होता, त्या रात्री थंडी वाजून ताप भरला, तोंडात गोडसर धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरला. आणि ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे व्हीलवरचं संरक्षक कव्हर, आतल्या कोपऱ्यात आडवा येतो म्हणून काढला होता, तेव्हा कापताना पाइपमधली फट मिटली, व्हील अडकून फुटलं आणि तुकडा कानाजवळून जाऊन पत्र्यावर आदळला. पत्र्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

मला विचारायचंय ते असं. शेडचं दार उघडं ठेवलं की अंगणाची बाजू पूर्ण उघडी राहते. तिथे ताडपत्री लावली तर चालेल का? आतला पत्रा नवा, चकचकीत आहे, त्यावरून उजेड परततो का? पडदा लावला तर धूर कुठून जाईल? आणि जीआयवरचं जस्त घरच्या घरी कसं काढायचं?

प्रतिसाद

दादा, लेक बरी झाली हे वाचून जीव भांड्यात पडला. मी आयटीआयला वेल्डर ट्रेड केला, नंतर २२ वर्षं याच कामात आहे.

ताडपत्री नको. ठिणगीने वितळते आणि पेटते. वेल्डिंगचा गडद हिरवा किंवा लाल पडदा मिळतो तो घ्या, नाहीतर सिमेंट शीटचं सरकतं पार्टिशन करा. नवा पत्रा किरण परतवतो, तुमच्या हेल्मेटच्या मागूनही येतात. आतून मॅट पांढरा रंग मारा. पांढरा म्हटल्यावर दचकू नका, त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण शोषून घेतं. चकाकणारा ऑइलपेंट मात्र नको.

जस्त काढायच्या भानगडीत पडू नका. बाहेरून घासलं तरी पाइपच्या आत राहतंच. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळायच्या कितीतरी आधी धूर होऊन नाकात जातं. ॲसिड तर घरात आणूच नका. काळा (जस्त नसलेला) पाइप घ्या, काम झाल्यावर रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारा. तो ताप दूध पिऊन टळतो असं आमच्याकडेही म्हणतात, तसं काही नाही. पुन्हा आला आणि दम लागला तर थेट दवाखाना.

गार्ड आजच बसवा. ४ इंची व्हील मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची कड ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असते. कोपऱ्यात गार्ड आडवा येत असेल तर तिथे हॅकसॉ किंवा कानस चालवा. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधे कापू नका, कापलेला तुकडा मोकळा खाली पडला पाहिजे, म्हणजे फट मिटत नाही. व्हीलच्या मधल्या कडीवर मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर फेकून द्या. आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, मोजा गुंडाळला की हात ओढला जातो.

धागाकर्ता

मनापासून आभार, काका. गार्ड काल रात्रीच बसवला. काळा पाइप शनिवारी आणतो. एकच राहिलं, धुरासाठी पडद्याखाली फट किती ठेवू?

प्रतिसाद

दीड-दोन फूट ठेवा. पंखा बाजूने लावा, धूर तुमच्या तोंडासमोरून आडवा निघून गेला पाहिजे, डोकं धुरावर वाकवू नका. पण त्या फटीतून खाली बसलेल्याच्या डोळ्यांवर आर्क येतो. अंगणात लेक बसून खेळत असेल तर तेवढा वेळ मशीन बंद. आणि तिला बघायचंच असेल तर तिच्या मापाचं दुसरं हेल्मेट आणा, तुमच्याइतक्याच नंबरच्या काचेचं, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट.